खालची ओळ

८ जानेवारी

तीर्थस्वरूप आत्यास,

शि. सा. न. वि. वि.

फोन केला की तू दोन मिनिटांत बरं, ठेवते म्हणतेस आणि पत्र मात्र चार पानी पाठवतेस. म्हणून मीही आता पेन घेऊन बसले आहे. चुका काढशीलच, पण निदान लाल शाईनं काढू नकोस. मागच्या खेपेला माझं पत्र दुरुस्त करून परत पाठवलंस, तेव्हा बाबा आठवडाभर हसत होते.

बातमी अशी की इस्पितळात मला नवी खिडकी मिळाली. इथे आता प्रत्येक रुग्णाची माहिती ऑनलाइन ठेवतात. रक्ताचे अहवाल, डॉक्टरांनी तपासताना लिहिलेल्या नोंदी, औषधांची यादी, सगळं. ज्याचं त्याला घरबसल्या वाचता येतं. लोकांना ते खातं उघडून द्यायचं आणि वापरायला शिकवायचं, हे माझं काम. काम सोपं वाटलं होतं. पण खातं उघडतात शंभर जण आणि पुन्हा आत डोकावतात जेमतेम वीस. का, ते शोधून काढा असं आमच्या साहेबांचं म्हणणं आहे, म्हणून मी वहीत टिपून ठेवते.

एक सुतार म्हणाले, वाईट असेल तर तुम्हीच फोन कराल आणि चांगलं असेल तर बघायचं कशाला? एका बाईंनी तीनदा विचारलं की हे सासूला दिसेल का. एक निवृत्त मास्तर दिवसातून अकरा वेळा उघडतात आणि प्रत्येक आकड्याला घाबरून आमच्याकडे येतात. एक आजोबा दोन दिवस येऊन म्हणाले, चष्मा घरी राहिला, तूच वाच. तिसऱ्या दिवशीही चष्मा घरीच राहिला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना वाचताच येत नव्हतं. इतकी शरम वाटली मला. माझीच, त्यांची नव्हे.

तू पुढच्या महिन्यात हृदयाच्या डॉक्टरांकडे येशील तेव्हा तुझंही खातं उघडून टाकू. आयुष्यभर छापखान्यातली मुद्रितं तपासलेल्या बाईला स्वतःच्या नोंदी वाचायला काय जड आहे?

बाबा-आईचा नमस्कार. माझ्यावरचा लोभ व्याकरणाच्या पलीकडचा असू दे.

तुझी
भिंगरी


१५ जानेवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. चुका सात. लाल शाई संपली आहे, म्हणून वाचलीस.

तुझी खिडकी छान आहे, पण मला त्यातून आत ढकलू नकोस. छापखान्यात बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचलं. लग्नपत्रिका, मृत्युलेख, निवडणुकीची पत्रकं, शाळेचे निकाल. आता आपल्याबद्दल कुणी काय लिहिलंय ते वाचायची हौस नाही. डॉक्टर स्वच्छ बोलतात. मला शब्दन् शब्द कळतो. मग त्याची छापील प्रत कशाला?

फोनवर मी लवकर ठेवते असं म्हणतेस. अगं, बोललेलं हवेत जातं. लिहिलेलं उशाशी ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचता येतं. म्हातारीला तेवढी चैन असू दे.

खालच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलंय. नवरा-बायको दोघंही नर्स. एकाची पाळी संपते तेव्हा दुसऱ्याची सुरू होते, त्यामुळे त्यांचं भांडण फळ्यावर लिहून चालतं. जिन्यातून जाता-येता मी ते वाचते. शुद्धलेखन चांगलं आहे.

मी दहा फेब्रुवारीला येते. खात्याबित्याची सक्ती करू नकोस, बाकी कर.

आपल्या माणसांना सुखरूप ठेव आणि मला धरून ठेव.

आत्या


१२ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप आत्यास,

शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. परवा तू भुर्रकन आलीस आणि भुर्रकन गेलीस. मी तुला खिडकीपाशी बसवलं, कागद पुढे केला आणि तू न वाचता सही केलीस. बाबांना सांगितलं तर ते विश्वास ठेवेनात. ताईनं न वाचता सही केली? ते म्हणाले, दुसरीच कुणी असेल.

तर आता तुझं खातं उघडलं आहे. सोबतच्या चिठ्ठीवर परवलीचा शब्द आहे. तुझ्या फोनवर आलेले संदेश तू बघत नाहीस, म्हणून खात्याला सध्या माझाच नंबर जोडला आहे. डॉक्टर आता कागदावर औषधं लिहून देत नाहीत, नवी यादी खात्यातच टाकतात. काही बदल केलाय का असं मी विचारलं, तर तू म्हणालीस, सगळं छान आहे. म्हणजे छानच असणार.

खरं सांगू? या महिन्याच्या खात्यांचा आकडा पुरा व्हायला मला एकच कमी पडत होतं. तेही तुझ्या सहीमागचं एक कारण होतं. आता लिहून टाकलं, रागावू नकोस.

तू जरा बारीक वाटलीस. जेवतेस ना नीट?

माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी
भिंगरी


२४ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,

सा. न. वि. वि.

मी तुझा धाकटा भाऊ. मी बरा आहे. इकडे सगळे बरे आहेत. तू बरी आहेस ना?

ताई, तुला काही प्रश्न विचारतो. सावकाश उत्तर दे. घाई नाही.

गॅस बंद करायची आठवण राहते ना? नसेल तर दाराच्या आतून एक पाटी लाव. घराची एक किल्ली खालच्या नर्सबाईंकडे ठेव. रोज सकाळी उठलीस की आज कोणता वार ते कॅलेंडरवर बघून मोठ्यानं म्हणायचं. त्यानं फायदा होतो असं ऐकलंय. आपण लहानपणी राहायचो त्या घराला किती पायऱ्या होत्या, ते मला पुढच्या पत्रात कळव. सहज विचारतोय.

आणि तू इकडेच राहायला ये. मागची खोली रिकामीच आहे. भिंगरीची आईही तेच म्हणते. तुला काही करावं लागणार नाही. अक्षर मोठं काढलंय, वाचायला त्रास नको म्हणून.

लोभ आहेच, वाढता असो.

तुझा
भाऊ


२ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद.

तुझ्या वडिलांचं पत्र आलं. दुकानाच्या पाटीवर रंगाऱ्यानं काढावीत तेवढी अक्षरं. एका ओळीत चार शब्द. साठी उलटलेला माझा भाऊ मला वार पाठ करायला सांगतो आणि जुन्या घराच्या पायऱ्या विचारतो. पायऱ्या अकरा होत्या. सातवी फुटकी होती आणि तिच्यावरून पडून त्याचा दात गेला, हेही त्याला सांग.

मी दोन दिवस विचार करत बसले की यानं हे कुठून काढलं. मग तुझी चिठ्ठी शोधली आणि खातं उघडलं. तू म्हणतेस तसं सोपं आहे. दहा तारखेची नोंद पहिलीच होती. डॉक्टरांनी लिहिलंय: रुग्ण विचारलेल्या प्रश्नांना विसंगत उत्तरे देतात. स्मरणशक्ती व आकलन यांविषयी शंका. पुढील भेटीत तपासणी करावी.

मी तिथेच थांबले. खातं बंद करायला गेले तर एक यादी उघडली. ही नोंद कोणी कधी पाहिली, त्याची यादी. अकरा तारखेला नोंदणी खिडकी. तेरा तारखेला नोंदणी खिडकी. वीस तारखेला पुन्हा नोंदणी खिडकी. त्या खिडकीत कोण बसतं हे मला ठाऊक आहे. म्हणजे बारा तारखेला तू मला नीट जेवतेस ना असं विचारलंस, तेव्हा तू ते वाचून बसली होतीस.

बत्तीस वर्षं डोक्यावर पोट भरलं मी. त्याच डोक्याबद्दल लिहिलेलं माझ्या आधी माझ्या भाचरांनी, पुतण्यांनी वाचावं, घरात जेवताना त्याची चर्चा व्हावी आणि मला मोठ्या अक्षरांत कळवावं. मला इतकं उघडं कधी वाटलं नव्हतं.

आता मी ते खातं पुन्हा उघडणार नाही. त्या डॉक्टरांकडेही येणार नाही. औषधं आहेत ती घेते.

आत्या


७ मार्च

तीर्थस्वरूप आत्यास,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र कपाटामागे उभं राहून वाचलं. कुणी तोंड बघू नये म्हणून.

होय, मी पाहिलं. अकरा तारखेला कारण होतं, खातं नीट चाललंय का ते तपासायचं होतं. पण तपासणं एका मिनिटाचं असतं. ती ओळ दिसली आणि मी पुढे वाचलंच नाही, तिच्याकडेच बघत राहिले. तेरा तारखेला काही कारण नव्हतं. वीस तारखेलाही नव्हतं. मला वाटत होतं, पुन्हा उघडल्यावर ती ओळ तिथे नसेल.

बाबांना मी सांगितलं. सांगायचं नव्हतं. बाबा विचारत होते, ताई कशी आहे, आणि मी रडले. मग सांगावंच लागलं. भाचरांना कुणाला माहीत नाही, तेवढं खरं मान.

रोज मी खिडकीत बसून लोकांना सांगते, तुमची माहिती तुमच्याखेरीज कुणी बघणार नाही. त्या सासूवाल्या बाईंना तर मी शपथेवर सांगितलं होतं. आता ते वाक्य तोंडातून निघेना. काल साहेबांकडे जाऊन मी सगळं लेखी दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि तीन महिन्यांसाठी माझी खिडकी काढून घेतली. तळघरात जुन्या कागदांच्या थप्प्या लावायला पाठवलंय. मला ते बरंच वाटलं. खात्याला जोडलेला माझा नंबरही काढून टाकला आहे. आता तिथे फक्त तू आहेस.

माझ्यावर राग ठेव, पण डॉक्टरांना सोडू नकोस. पत्राचं उत्तर नाही दिलंस तरी चालेल, पोस्टमनला विचारत राहीन.

तुझी
भिंगरी


११ एप्रिल

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला अर्धंच सांगितलं. ताई समोर बसली होती आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती, म्हणून बोलवेना.

परवा सकाळी ती जिन्यात चक्कर येऊन पडली. खालच्या नर्सबाईंनी उचललं. उजवं मनगट मोडलंय, कपाळाला चार टाके. जिवावरचं मनगटावर निभावलं. इथल्या डॉक्टरांनी औषधं मागितली, तर मी डबाच पुढे केला. त्यांनी त्यातली पांढरी छोटी गोळी उचलून विचारलं, ही अजून चालू कशी? ही शरीरातलं पाणी काढायची गोळी. पायांची सूज उतरली की थांबवायची असते. नाही थांबवली तर अंगातलं पाणी आटतं, रक्तदाब खाली जातो आणि माणूस उभ्या उभ्या कोसळतो. त्यांनी ताईच्या परवानगीनं खातं उघडलं. दहा फेब्रुवारीपासून ही गोळी बंद, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. ताई जुन्याच चिठ्ठीवर दुकानातून आणत राहिली. दोन महिने.

तू ते वाचलं नव्हतंस का गं? दोष देत नाही. विचारतोय.

आणखी एक. मी आलो तेव्हा दार वाजवून वाजवून हात दुखले. शेवटी नर्सबाईंकडच्या किल्लीनं उघडलं. ताई दाराकडे पाठ करून शब्दकोडं सोडवत होती, डाव्या हातानं. पंचवीस मिनिटांत सोडवलं. त्यातले तीन शब्द मला सांगूनही कळेनात. भिंगरी, हिच्या डोक्यात बिघाड असेल तर तो आपल्या सगळ्यांना व्हावा. माझं ते मोठ्या अक्षरांचं पत्र तिनं टेबलावर तसंच ठेवलंय. त्याच्यासमोर बसून चहा प्यायला मला लाज वाटते.

मी आठ दिवस इथेच आहे. आईला सांग.

तुझे
बाबा


१४ एप्रिल

तीर्थस्वरूप आत्यास,

शि. सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र आलं. तू पडलीस ती माझ्यामुळे.

ती नोंद मी तीनदा उघडली. तिन्ही वेळा स्मरणशक्तीच्या ओळीवर थांबले आणि बंद केली. तिच्या खालची ओळ मी वाचलीच नाही. आता खातं माझ्या हाती नाही, पण बाबांनी ती वेगळ्या चिठ्ठीवर उतरवून पाठवली: सूज उतरली आहे, पाण्याची गोळी आजपासून बंद, तोंडी सांगितले, समजले असे म्हणाल्या.

चोरून वाचलं ते वाचलंच. निदान पुरतं वाचलं असतं तर तुझं मनगट शाबूत राहिलं असतं. लोक आपल्या नोंदी का वाचत नाहीत, याची माझ्या वहीत एकोणीस कारणं झाली होती. हे विसावं मला सुचलं नसतं. माणूस एका ओळीनं इतका लाजतो, नाहीतर घाबरतो, की पुढची ओळ त्याला दिसतच नाही.

एक विचारू? डॉक्टरांनी तोंडी सांगितलं तेव्हा तू समजलं म्हणालीस. मग काय झालं? नको असेल तर सांगू नकोस. या वेळी मी फक्त विचारतेय, कुठे डोकावत नाही.

बाबांना तुला त्रास देऊ देऊ नकोस. कपाळ सांभाळ.

तुझी
भिंगरी


२२ एप्रिल

चि. भिंगरीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

डाव्या हातानं लिहितेय. अक्षर कोंबडीचे पाय झालंय, चुका मोजू नकोस.

तू मला पाडलं नाहीस. खालची ओळ मीही वाचली नव्हती. त्या दिवशी मीही वरच्याच ओळीवर थांबले आणि तुझ्यावर आणि डॉक्टरांवर संतापून बसले. आणि संतापले अशासाठी की डॉक्टरांनी खोटं लिहिलं नव्हतं. त्यांना दिसलं ते लिहिलं. त्यांनी विचारलं असेल चालताना दम लागतो का, आणि मी सांगितलं असेल की बसनं आले. तोंडाला मास्कची पट्टी बांधलेला माणूस काय बोलतो ते मला कळत नाही. तो थांबला की मी मान डोलावते आणि छान छान म्हणते. मला ऐकू येत नाही, भिंगरी. डाव्या कानानं मुळीच नाही, उजव्यानं समोरच्याचे ओठ दिसले तर थोडंफार.

दोन पैशांची गोष्ट, सांगून टाकायची होतीस, असं तुझे वडील म्हणाले. त्यांना मी पुढचं सांगितलेलं नाही. तुला सांगते, कारण तू आपली चूक लेखी दिलीस. मला ते अकरा वर्षांत जमलं नाही.

छापखान्यात मुद्रित तपासायला दोन माणसं लागत. एकजण मूळ मजकूर मोठ्यानं वाचणार आणि दुसरा छापलेल्या कागदावर डोळा फिरवत चुका काढणार. माझ्यासमोर वाचायला जी बसायची तिला सगळे रेडिओ म्हणत. नऊ वर्षं तिचा आवाज माझ्या कानात होता. शेवटची दोन वर्षं तो बारीक होत चालला होता आणि मी खुर्ची पुढे पुढे ओढत होते. ती काही बोलली नाही. फक्त मोठ्यानं वाचू लागली.

एका सकाळी, आमच्याकडे छापल्या जाणाऱ्या पेपरासाठी एक निधनवार्ता आली. गावातलं बडं घर. दोघे भाऊ, नावं जवळजवळ सारखी. मजकुरात थोरल्याचं नाव होतं. मग त्या घरून निरोप आला की चूक झाली, गेले ते धाकटे. रेडिओनं मूळ कागदावर पेन्सिलीनं दुरुस्ती केली आणि मला वाचून दाखवली. मी हं म्हणाले. माझ्या कागदावर थोरलाच राहिला. दुसऱ्या दिवशी जिवंत माणूस पेपरात मेलेला निघाला.

मालकांनी दोघींना बोलावलं. ती म्हणाली, मी वाचून दाखवलं. मी म्हणाले, मला नाही वाचून दाखवलं. त्या घटकेला मला तसंच वाटत होतं. खरंच. पण दुसऱ्या दिवशी टेबलापाशी बसले आणि मागून कुणीतरी हाक मारत होतं, ते शेजारच्यानं खांद्याला हात लावल्यावर कळलं. तेव्हा समजलं. तिनं वाचलं होतं, मलाच ऐकू आलं नव्हतं. तिचा हिशेब करून तिला काढलं ते तिसऱ्या दिवशी, म्हणजे माझ्याकडे आणखी पुरता एक दिवस होता. मी मुद्रितं तपासत बसले.

ती गेल्यावर मी दुसरी वाचणारी घेतली नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवून एकटीच तपासू लागले. सगळे म्हणाले, केवढी काळजी घेते! निवृत्तीच्या समारंभात त्याचंच कौतुक झालं. तू टाळ्या वाजवत होतीस, दुसऱ्या रांगेत.

कान दाखवायला गेले की डॉक्टर पहिलं विचारणार, कधीपासून? आणि मी सांगितलेली तारीख लिहून ठेवणार. ती तारीख कुठेही लिहिली जाऊ नये म्हणून मी सगळ्यांचे ओठ वाचत राहिले. तुझ्या खात्याला नाही म्हणाले ते एवढ्यासाठी.

हे वाचून तुला माझी शिसारी आली तर मला कळेल. तसं लिहिलंस तरी आशीर्वाद आहेत तिथेच राहतील.

आत्या


२९ एप्रिल

तीर्थस्वरूप आत्यास,

शि. सा. न. वि. वि.

शिसारी आली नाही. पण काही नाही, जाऊ दे गं, असंही मला लिहिता येईना. तीन कागद फाडले. तुझ्या जागी मी असते तर बोलले असते का, हे स्वतःला विचारून बघितलं. तळघरात विचार करायला वेळ खूप असतो. उत्तर मला आवडलं नाही.

कानांच्या डॉक्टरांची वेळ मिळते का ते पाहिलं. सहा मेला मिळतेय. साध्या रांगेतून घेतली आहे, ओळख न सांगता. त्या डॉक्टरांना आधीच चिठ्ठी दिली आहे की पट्टी काढून समोर बसून बोला. एवढंच लिहिलं, दुसरं काही नाही. हवं तर मी बरोबर येईन आणि दाराबाहेर बसेन.

रेडिओबाईंचं काय, ते मी विचारत नाही. ते माझं काम नव्हे.

माझ्याकडे जी काही माया उरलीय ती तुझीच आहे.

भिंगरी


१९ मे

चि. भिंगरीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

त्या दिवशी तू दाराबाहेर बसलीस आणि एकदाही आत बघितलं नाहीस, ते मी बघितलं. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? मी वर्ष सांगितलं. त्यांनी लिहिलं. खुर्ची मोडली नाही की छत पडलं नाही. घरी येऊन खातं उघडलं आणि या वेळी शेवटपर्यंत वाचलं. श्रवणदोष, अकरा ते तेरा वर्षे. आकलन व स्मरणशक्ती उत्तम. हृदयाच्या डॉक्टरांनीही जुन्या नोंदीखाली दुरुस्ती घातली आहे. कानातलं यंत्र यायला अजून महिना आहे.

यंत्राची वाट पाहिली असती तर आणखी एक सबब मिळाली असती. म्हणून परवा तशीच रेडिओकडे गेले.

सायकलीच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. सुनेनं दार उघडलं. मी नाव सांगितलं तेव्हा तिचा चेहरा बदलला, म्हणजे त्या घरात माझं नाव माहीत होतं. रेडिओ खिडकीपाशी खाटेवर बसली होती. खूप वाळली आहे. आणि भिंगरी, तिचा आवाज गेलाय. घशाचं काहीतरी झालं होतं, आता ती कुजबुजल्यासारखी बोलते. जिचा आवाज छापखान्याच्या यंत्रांवरून ऐकू यायचा, ती.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. तू वाचून दाखवलं होतंस, मला ऐकू आलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी कळलं आणि मी गप्प बसले. बसमध्ये पाठ करत आले होते, म्हणून सलग निघालं. तिनं खिडकीकडे तोंड केलं आणि काहीतरी बोलली. मला कळलं नाही.

एरवी मी मान डोलावली असती. इतकी सवय आहे की मान हललीसुद्धा. मग मी म्हणाले, मला ऐकू आलं नाही, पुन्हा सांग. जन्मात पहिल्यांदा हे वाक्य तोंडातून निघालं. ती पुन्हा बोलली. पुन्हा कळलं नाही. मी तिच्यासमोर जाऊन खाली बसले आणि म्हणाले, तोंड इकडे कर आणि मोठ्यानं सांग. तिनं माझ्याकडे बघितलं, छातीशी हात धरला आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडली. म्हणाली की मला ठाऊक होतं तुला ऐकू येत नाही, मी दोन वर्षं तुझ्यासाठी घसा फोडून वाचत होते, आणि ते तीन दिवस तू आता बोलशील, मग बोलशील म्हणून तुझ्या तोंडाकडे बघत होते.

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली असावीत, कारण सून दारात येऊन उभी राहिली. तिचा गोंधळलेला चेहरा बघून मला कळलं की रेडिओनं घरच्यांना माझ्या कानांबद्दल काही सांगितलेलंच नव्हतं. त्यांना ठाऊक होती ती फक्त तिची चूक. निष्काळजीपणामुळे जिची नोकरी गेली ती बाई म्हणून ती अकरा वर्षं या घरात राहिली, आणि मी, जिला तिच्यामुळे बोल लागला ती, म्हणून माझं नाव तिथे माहीत होतं. मी सुनेकडे वळले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी सलग निघालं नाही.

क्षमा मी मागितली. तिनं दिली नाही. खुर्चीवर बस असंही म्हणाली नाही. मी सांगून संपवल्यावर तिनं सुनेकडे बघून, पण मला ओठ दिसतील असं, एवढंच विचारलं, ऐकलंस ना?

त्या दोन शब्दांसाठी मला काही पुन्हा विचारावं लागलं नाही.

तुझ्या वडिलांना हे पत्र वाचायला दे. मोठ्यानं वाचून दाखव, सगळं. तुम्हा दोघांचा लोभ जेवढा उरला असेल तेवढ्यावर माझं भागेल.

आत्या